टीव्ही खाली उतरवला

वसईजवळच्या पापडीतल्या आमच्या घरात टीव्ही कुठे लावायचा, हे टीव्ही यायच्या आधीच ठरलेलं होतं. पुढच्या खोलीच्या एका भिंतीत देवाचं लहानसं आल्तार आहे. त्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मारियाबाईची मूर्ती आणि त्यांच्यापुढे दिवसरात्र जळणारा एक लाल बल्ब. त्या भिंतीवर दुसरं काही टांगायचं नाही, कॅलेंडरसुद्धा नाही, हा माझ्या आईचा नियम. म्हणून टीव्ही गेला बरोबर समोरच्या भिंतीवर. बसवायला आलेल्या माणसाने उंची विचारली तेव्हा मी म्हणालो, "अजून वर घ्या." सणाला पाहुणे जमले की सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसला पाहिजे, एवढाच माझा हिशेब.

पण तो टीव्ही पाहुण्यांसाठी घेतलेला नव्हता. तो बायकोच्या कामासाठी घेतला होता. निदान तिला मी तसं सांगितलं होतं.

ती आधी शाळेत शिकवायची. आई अंगणात पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा घरी कोणीतरी हवं म्हणून बायकोने नोकरी सोडली. मी दिवसभर मुंबईला ऑफिसात. नंतर तिने मुंबईतल्याच एका लहान प्रकाशकाकडून मुद्रितं तपासायचं काम मिळवलं. पानं कॉम्प्युटरवर यायची, ती चुका काढून परत पाठवायची. आईची औषधं, जेवणखाण, बाजार यांच्यातून उरलेले ते तास तिचे स्वतःचे होते. कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा मी म्हणालो, "वेगळा मॉनिटर कशाला? मोठा टीव्ही घेऊ, त्यालाच जोडू. अक्षरं मोठी, डोळ्यांना आराम." खरं कारण फुटबॉल होतं. मोठ्या पडद्यावर सामने बघायची हौस मी तिच्या डोळ्यांच्या नावावर भागवली.

दुकानदाराने जोडणीची केबल दिली ती आखूड. त्यामुळे तिचं टेबल थेट भिंतीला, टीव्हीच्या खालीच लावावं लागलं. मिरवणुकीतला पुतळा बघावा तशी ती मान मागे टाकून, अगदी नाकासमोरच्या त्या अवाढव्य पडद्यावर वाचायची. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायला तिला डोकं फिरवावं लागे.

काही आठवड्यांतच तिचे डोळे लाल दिसू लागले. कपाळ ठणकायचं. संध्याकाळी सुईत दोरा ओवायला ती आईला सांगू लागली, आणि आईचं वय ऐंशीच्या पुढे. मी सोफ्यावरून सल्ले द्यायचो. डोळ्यांत थेंब घाल. पाणी मार. पडदा पिवळसर करून बघ. निळसर काचांचा चष्माही आणून दिला. तो घालून ती म्हणाली, "आता दुखतंय ते निळं दिसतंय."

शेवटी आम्ही वसईत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नंबर बदललेला नव्हता. डोळे कोरडे पडले होते.

"पडदा कुठे असतो तुमचा?" त्यांनी विचारलं.

बायकोने छताकडे हात केला.

बाईंनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो. शिवाय वाचताना आपण पापण्या कमी मिटतो. मग तो सुकणारच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, किंवा थोडी खालीच. आणि मधून मधून लांब बघत जा."

"मॅडम, पण भिंतीला भोकं पाडून बसवलाय," मी म्हणालो.

"मग बुजवा."

मी बुजवली नाहीत. थेंब तेवढे आणले. रविवारी सामना होता.

पुढे एकदा बायको अंगणात बोंबील साफ करत बसली होती. मुलांसाठीचं पक्ष्यांचं एक पुस्तक तिच्याकडे तपासायला होतं, आणि त्याची पानं प्रकाशकाकडून परत आली होती. तिच्या नजरेतून चुका सुटल्या होत्या. तसं यापूर्वी कधी झालं नव्हतं. खाली मान घालून, नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "हे पुस्तक झालं की कळवते त्यांना. पुढचं नको म्हणून."

"अगं, डोळे होतील बरे."

"होतील ना. काम गेलं की होतील."

तिची शाळा आमच्या घरासाठी गेली होती. आता हे कामही जाणार, आणि तेही मी केलेल्या सोयीमुळे.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. ती बाजारात गेली तेव्हा पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसलो आणि तिचं पान उघडलं. वाडीकडच्या खिडकीतून येणारा उजेड पडद्यावर पडला होता, आणि त्यात केळीची पानं हलत होती. पांढरं पान ट्यूबलाइटसारखं डोळ्यांवर येत होतं. प्रत्येक अक्षराला खडूने कड काढल्यासारखी, पानाहूनही पांढरी किनार होती, तिला रंगीत छटा होती, आणि अनुस्वार त्या किनारीत बुडून जात होते. आणि सगळ्याच्या मधोमध, पक्ष्यांच्या घरट्यांबद्दलच्या परिच्छेदावर, एक लाल ठिपका जागचा न हलता बसला होता. मागे वळून बघितलं तर आल्तारातला बल्ब. मी मान सरकवली की तो शेजारच्या ओळीवर जायचा. भात शिजायला लागतो तेवढा वेळही मला तिथे बसवलं नाही. ती महिनोन्महिने बसली होती.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. आईला बल्ब बंद करायला सांगायची हिंमत नव्हती. मी तो होल्डरमध्ये थोडा सैल केला आणि आईला म्हणालो, "बल्ब गेला वाटतं."

संध्याकाळी रोझरीच्या वेळी आई काठी टेकत आल्तारापाशी गेली आणि हात घालून बल्ब फिरवला. तो लागला. प्रार्थना संपल्यावरच तिने विषय काढला. आई आमच्या घरच्या बोलीत बोलते, मी इथे सरळ मराठीत लिहितो.

"बल्ब कुणी सैल केला?"

मी आल्तारातल्या बल्बकडे बघितलं.

"देवापुढे खोटं बोलतोस, तेही देवाच्याच दिव्याबद्दल?"

मग मी सगळं सांगितलं. ठिपका, खिडकी, मान, डॉक्टरीणबाई. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. आईने नीट ऐकून घेतलं.

"घरात आधी कोण आलं, देव की टीव्ही?"

"देव."

"मग उतरव त्याला. दिवा कशाला विझवतोस?"

"खाली ठेवला तर सोफ्यावरून सामने कसे दिसणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आतलं भांडं वाजायचं थांबलं. "कुठले सामने?" बायको दारात आली. "तो माझ्या डोळ्यांसाठी घेतला होता ना?"

आईला हसू आवरेना. "सून माझी भोळी. टीव्ही आला त्याच दिवशी मला कळलं होतं. हा लहानपणी चेंडू आणायचा तेव्हाही सांगायचा, धाकट्या भावासाठी आणलाय."

बायको हसली नाही. पण म्हणाली, "उद्या उतरवा. मी टेबल रिकामं करून ठेवते."

आम्ही दोघांनी मिळून तो उतरवला. त्याचे पाय खोक्यातच पडून होते, ते लावले. बाजूच्या भिंतीशी एक लांबट टेबल होतं, आईचं जुनं शिवणाचं, जरा बुटकं. त्यावर टीव्ही ठेवला. आता खिडकी तिच्या पाठीशीही नव्हती आणि तोंडासमोरही नव्हती, आल्तारही बाजूला राहिलं. मी लांब केबल आणली आणि तिची खुर्ची मागे, जवळजवळ खोलीच्या मध्यावर नेली, जिथून डोकं न फिरवता पूर्ण ओळ दिसते. तिथून अक्षर बारीक वाटलं म्हणून कॉम्प्युटरवर ते मोठं केलं.

मग रिमोट घेऊन मी जमिनीवर बसलो आणि ती खुर्चीत. टीव्ही दुकानातून आला तसाच भडक चित्रावर होता. तो कॉम्प्युटरसाठीच्या पर्यायावर आणला.

"काही फरक?"

"रंगीत कड गेली. पांढरी आहे अजून."

शार्पनेस म्हणजे जास्त तेवढं चांगलं, असं समजून मी तो पार वर नेऊन ठेवला होता. आता एकेक पायरी खाली आणत गेलो.

"अजून... अजून... थांबा. एक मागे. हं. टिंब दिसलं."

उजेड कमी करताना तिने एक कोरा कागद पडद्याशेजारी धरला. "पान या कागदाएवढंच पांढरं हवं. जास्त नको." ही युक्ती तिचीच. मला ती सुचली नसती, कारण मी आकडे बघत होतो.

"हे आधी करायला काय झालं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता.

"मी इथे बसलोच नव्हतो कधी."

"हं," ती म्हणाली आणि वाचू लागली.

डोळे एका दिवसात बरे झाले नाहीत. कपाळाचं ठणकणं हळूहळू कमी झालं. थेंब अजून घालावे लागतात. एक प्रकरण संपलं की ती उठते, दारात उभी राहून वाडीच्या टोकाच्या माडांकडे बघते, पापण्या मिटते, परत येते. आई तिला लांबून ओरडते, "मिटलेस का डोळे?" आणि ती ओरडते, "मिटले हो!" सोफ्यावरून टीव्ही आता तिरका दिसतो. ते ठीक आहे.

पक्ष्यांचं पुस्तक तिने पहिल्या पानापासून पुन्हा तपासलं. सुटलेल्या चुका सापडल्या, आणखीही सापडल्या. ते पाठवल्यावर काही दिवसांनी प्रकाशकाचा फोन आला. मी घरीच होतो. ती फोन कानाला लावून उभी होती. पुढचं नको, हे तिने त्यांना कळवलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

"हो, झाली थोडी अडचण," ती म्हणाली. "डोळ्यांची. आता बरं आहे." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "घेईन. पण सगळं एकदम पाठवू नका. प्रकरण प्रकरण पाठवा. आणि मुदत जरा वाढवून द्या, पूर्वीएवढा वेळ एका बैठकीत मी बसणार नाही." पुन्हा ऐकलं. "विषय काय आहे?"

फोन ठेवून ती आईकडे वळली. "माशांवर आहे, आई. कोकणातले मासे. नावं बरोबर आहेत का ते तुम्हाला वाचून दाखवीन."

"मुंबईवाल्यांनी लिहिलंय ना? मग चुकलीच असतील," आई म्हणाली आणि आपली खुर्ची टेबलाकडे ओढू लागली. मी उठून ती उचलली आणि बायकोच्या खुर्चीशेजारी ठेवली.