तेजसची चार पातळ गाणी

"ताई, ही शेवटची चार गाणी काढून टाका. मेलीत ती," तेजस म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

नारायणगावातल्या माझ्या स्टुडिओत आम्ही सकाळपासून त्याचा अल्बम ऐकत होतो. तेजस जवळच्याच निमगाव सावा गावचा. ट्रिप-हॉप करतो, म्हणजे संथ, जड ठेका आणि त्यावर झोपेतून बोलल्यासारखं गाणं. या वेळी त्यात क्लबमधला नाचाचा ठेकाही आणला होता. लिहिणं, गाणं, वाजवणं, सगळे आवाज जुळवून मिक्स करणं, सगळं त्याचं एकट्याचं. माझ्याकडे फक्त मास्टरिंग. तयार गाण्यांवर शेवटचा हात फिरवून ती एका पातळीला आणायची.

गाणी एका पातळीला येत नव्हती. पहिल्या पाच गाण्यांत बेस गच्च, आवाज विहिरीतून आल्यासारखा. नंतरची चार पातळ आणि कोरडी. नाचाची नेमकी हीच चार. पुण्याचा एक क्लब रिलीजचा कार्यक्रम करायला तयार होता, पण लोक नाचले पाहिजेत ही त्यांची अट. चार गाणी गेली की कार्यक्रमही गेला.

"मिक्स उघडून दे, मी बघते."

"न्हाई ताई. मिक्सला दुसऱ्याचा हात नको. मलाच जमलं न्हाई म्हनायचं."

"चाल चांगली, ठेका चांगला. न जमायला काय झालंय?"



अशा वेळी माझा क्रम ठरलेला आहे. आधी फाइल, मग केबल, मग स्पीकर, शेवटी खोली. फाइल ठीक होत्या. बाकीचं बघायला गाडी काढून त्याच्या घरी गेले. केबल आणि स्पीकरही ठीक निघाले.

राहिली खोली. खोली म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. मधोमध उभं राहून मी टाळी वाजवली. ती भिंतींवर आपटत फिरत राहिली.

तेजसचे वडील चहा घेऊन आले होते.

"काका, इथे आधी काय होतं?"

"सोयाबीन व्हतं की. पार पत्र्यापातुर पोती. ह्यो मधी बसून ढुमढुम करायचा. भाव आला, काढलं."

"पहिली पाच गाणी पोत्यांत केलीस?"

"हां," तेजस म्हणाला, आणि भिंतींकडे बघत राहिला.

भरलेली पोती आवाज शोषतात. त्यामुळे त्याला सगळं हलकं, कोरडं ऐकू यायचं. म्हणून तो बेस आणि घुमारा वाढवत गेला. पोती गेल्यावर शेड आपोआप घुमायला लागलं, तसे त्याने दोन्ही कमी केले. कान बरोबरच होते. खोली बदलली होती.

"काका, भुसकट आहे?"

"हाय. पन ते गुरांना ठेवलंय, गान्याला न्हाई."

"पोत्यांत भरून भिंतींना लावू. लागेल तसं काढा."

"आन गानी व्हायच्या आधी गुरांनी संपवलं तर?"

"तर तेजसला घाई करावी लागेल."

तेजसने नऊही गाणी स्वतःच पुन्हा मिक्स केली. पाचांतला बेस आणि घुमारा उतरवला, चारांत चढवला. मग मास्टरिंगला मला फारसं काम उरलं नाही. ज्या गाण्यावर तो सगळ्यात आधी फुली मारणार होता, ते पुण्याच्या कार्यक्रमात नाचणाऱ्यांनी पुन्हा लावायला लावलं. काका मागे उभे होते. "लई मोठ्यानं हाय राव," म्हणाले, पण बाहेर गेले नाहीत.

तेव्हापासून नव्या माणसाकडून मी गाण्यांच्या आधी खोलीचा फोटो मागवते. आणि तिथे पीक ठेवलं असेल तर ते कधी विकणार, हेही विचारते.