बाबांची गाडी आणि निळ्या काठाचं फडकं

त्या उन्हाळ्यात लातुरात दोनच गोष्टींची चर्चा होती: उदगीर वेगळा जिल्हा होणार आणि नळाला पाणी येणार. दोन्हींची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. बुद्धपौर्णिमेला नायगावकडच्या आमच्या गावी, विहारात, त्यांचा फोटो लागणार होता. आईचं म्हणणं एकच: फोटो जाईल तर त्यांच्याच गाडीतून. एसटीत मांडीवर धरून ती नेणार नव्हती.

गाडी मात्र उभ्या उभ्या थरथरायची आणि वेग कमी केला की बंद पडायची. समोर पिवळा दिवा लागलेला. मी गाडीची पुस्तिका काढून दोन दिवस वाचली. वाचणं तेवढं मला जमतं. वेगाप्रमाणे इंजिनाच्या झडपा लवकर किंवा उशिरा उघडणारी एक यंत्रणा असते, ती तेलाच्या दाबावर चालते, आणि त्या तेलाची वाट एक बोटभर लांबीचा व्हॉल्व्ह सोडतो-अडवतो. आईला हे समजावलं. म्हणाली, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्या माणसासारखंच. पुस्तिकेत हे इतकं स्पष्ट नव्हतं.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते खुर्ची घेऊन आले आणि बसून मला दहाचा पाना कसा धरायचा ते सांगू लागले. व्हॉल्व्ह निघाला. त्याच्या बारीक जाळीत काळा गाळ होता आणि गाळात सुताचे धागे. बाबा शाळेत मास्तर होते, काका त्यांना गुरुजी म्हणायचे. धागे बघून काका म्हणाले,

"गुरुजी तेल गाळायले व्हते, तवा नरसाळं मीच धरलं व्हतं."

आमच्या घरात त्या वर्षी कुठलंच पाणी एकदा वापरून सुटत नसे. भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं संडासाला. बाबांनी तोच नियम इंजिनाच्या तेलाला लावला होता. जुनं काढलं, गाळलं, परत ओतलं. तुम्ही अडवलं का नाही, असं मी काकांना विचारलं.

"माझी दोन्ही पोरं त्यांच्या हाताखाली शिकली. मास्तरला चूक हाय म्हणून कसं सांगावं?"

जाळीवर सफाईचा स्प्रे मारल्यावर एक धागा निळा निघाला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. टँकरचं पाणी गाळायचं तिचं निळ्या काठाचं फडकं हिवाळ्यात हरवलं होतं, आणि त्याचा आळ माझ्यावर होता. तिने धागा चिमटीत धरला.

"माझ्यासंगं पलंगाखाली वाकून शोधलं की हो या माणसानं."

आणि ती हसली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी उगाच इंजिनात डोकं घातलं.

व्हॉल्व्हला बॅटरीची तार लावली, टक् वाजलं, म्हणजे तो उघडत होता. बसवला, नवं तेल, नवा फिल्टर घातला. गाडी सुरू झाली आणि थरथर थांबली. काकांनी कान देऊन ऐकलं आणि खुर्ची उचलून घरी गेले.

पौर्णिमेला सकाळी आई पुढच्या सीटवर बसली. काचेला ओरखडे नकोत म्हणून फोटो नव्या फडक्यात गुंडाळलेला. नायगाव जवळ आलं तशी ती म्हणाली,

"फोटो लावला की फडकं आधी माझ्या हातात दे. त्यांच्यापाशी ठेवू नको."