दोन सीटची गाडी

घरात माणसं सहा आणि नवऱ्याने गाडी आणली दोन सीटची. उधन्याच्या आमच्या बिल्डिंगखाली ती पिवळीधमक वस्तू उभी राहिली तेव्हा सगळा मजला टाळ्या वाजवत होता आणि मी मनात म्हणत होते, आता हिला खाऊ काय घालायचं?

नवऱ्याची पांडेसऱ्यात एम्ब्रॉयडरीची मशीनं आहेत. एका यार्नवाल्या शेठच्या मुलाने हौसेने घेतलेली ही परदेशी स्पोर्ट्स कार कंटाळा आल्यावर त्याने स्वस्तात विकायला काढली, आणि आमचे हे गळाला लागले. छप्पर कापडी, बटण दाबलं की मागे घडी होऊन बसणारं. "कापडातलं आपल्याला कळतं," असं ते छातीठोकपणे म्हणाले. साडीच्या आणि गाडीच्या कापडात फरक असतो हे त्यांना पहिल्या पावसाळ्यातच कळलं.

आधी क्लच गेला. मग बॅटरी रात्रीतून उतरायला लागली. गाडी इतकी बुटकी की प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासायची, आणि आमच्या रस्त्यावर स्पीडब्रेकरला काय तोटा! दर वेळी गॅरेजवाला हात पुसत गुजरातीत तेच सांगायचा, "बेन, पार्ट बहारथी मंगाववो पडशे." बाहेरून म्हणजे सातासमुद्रापलीकडून. पार्ट येईपर्यंत गाडी त्याच्याकडे धूळ खात उभी, आणि मी घरी डोकं धरून बसलेली.

या सगळ्यात एकच माणूस शांत होतं, माझे सासरे. आयुष्यभर लूम चालवून त्यांचा एक कान गेलाय. कारखान्यात रोज पाळी सुरू करताना मशीनवर फूल आणि चार अक्षता ठेवायची त्यांची सवय होती. गाडी आल्यापासून ते रोज सकाळी खाली जाऊन गाडीला फूल वाहू लागले. मी एकदा म्हटलं, "बाबा, दसऱ्याला केली पूजा, तेवढी पुरे की." तर म्हणाले, "गाडी म्हनजे मशीनच शे ना, माय. मशीनले फूल नको?"

त्यांचा जीव गाडीत अडकला होता तो वेगळ्याच कारणाने. नंदुरबारकडच्या गावात त्यांची थोरली बहीण आहे, नवऱ्याची आत्या; बाबा तिला जिजी म्हणतात. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. लग्नकार्याला जीप निघाली की आत्या कायम मागे, पोराबाळांच्या आणि भांड्यांच्या गर्दीत; पुढची सीट कुणा ना कुणा पाहुण्याची. "ह्या गाडीले मांगली सीटच नही," बाबा मला समजावत. "जिजीले गाडीमा बसाडानं शे." आत्याचे गुडघे दर महिन्याला जास्त धरत चालले होते. एवढ्या खाली वाकून बसणं तिला अजून किती दिवस जमणार होतं? म्हणून गाडी गॅरेजमध्ये गेली की बाबा रोज विचारायचे, "व्हयनी का नीट?" आणि त्या प्रश्नाचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

मग पाणी शिरायला लागलं. पाऊस पडला की सीटखाली डबकं. गॅरेजवाला म्हणाला, छपराचं रबर गेलं. रबर बदललं, तरी पाणी. मग म्हणाला, छप्परच बदला. बदललं, तरी पाणी. त्या पाण्यात सीटखालचा कंट्रोलचा डबा जळला आणि गाडी वेड्यासारखी वागू लागली. काचा आपोआप खाली, हॉर्न आपोआप सुरू, सगळी बिल्डिंग खिडकीत. डब्याचा खर्च ऐकून मी नवऱ्याला म्हटलं, "एवढ्यात माझं अख्खं किचन नवीन झालं असतं."

एका रविवारी कुबट वास सहन होईना म्हणून मी स्वतःच बादली घेऊन खाली गेले. छपराची घडी जिथे बसते तिथे दोन्ही बाजूंना पन्हळ आहे, आणि पन्हळीच्या टोकाला पाणी खाली जायचं भोक. मी स्वेटर विणायची सुई आत घातली. बाहेर आली ती झेंडूची काळी, सडकी वात. तिला फुगलेले तांदूळ चिकटलेले. दोन्ही भोकं तशीच. तांब्याभर पाणी ओतलं, तर सरळ गाडीखाली फरशीवर पडलं. बॉनेट घसरगुंडीसारखं, फूल टिकत नाही. म्हणून बाबा ते नीट पन्हळीत सरकवून ठेवत होते. रबर, छप्पर, डबा, सगळा खर्च झेंडूपायी!

नवऱ्याला खाली बोलावून दाखवलं, तर ते पाय आपटत जिना चढायला लागले. "आत्ताच सांगतो बाबांना." मी त्यांचा हात धरला. संताप मलाही आला होता, त्यांच्याहून जास्तच. पण बाबांना कळलं असतं तर त्यांनी परत गाडीला हात लावला नसता, आणि आत्याला बसवायची गोष्टही पुन्हा काढली नसती. त्या दिवसापासून बाबा चहाला वर आले की मी सुई घेऊन खाली जायचे. चडफडत जायचे, पण जायचे.

डबा आला, गाडी सुधारली, आणि पुढच्याच रविवारी बापलेक गावाला निघाले. मी मुलांना आणि सासूबाईंना घेऊन रेल्वेने. दोन सीटच्या गाडीत आम्हाला कोण घेतं?

गावात आत्याला आत बसवायला तिघं लागली. चालवायला नवरा, शेजारी ती, म्हणजे बाबांना उतरावं लागलं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी छप्पर उघडं टाकून मारुतीच्या पाराला वळसा घालून आली. आत्याने पदर दोन्ही हातांनी धरलेला, बाबा रस्त्याच्या कडेला उभे. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीही एक चक्कर मारा की तिच्याबरोबर." स्वतःच्या बोलण्याचं मलाच हसू आलं आणि रडूही. ते म्हणाले, "ती बठनी ना, माय. मी बठनू असंच शे."

आत्या उतरली ती थेट घरात गेली आणि काठी टेकत फुलं-अक्षता घेऊन आली. बॉनेटवर फूल ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. मग तिने गाडीभोवती नजर फिरवली आणि बरोब्बर त्या पन्हळीशी येऊन थांबली. नवऱ्याने तोंड उघडलं.

"ठेवा, आत्या," मी म्हटलं. "चांगलं आत सरकवून ठेवा." सुई माझ्या पर्समध्ये होती.