अण्णांची बस गेली कुठे?

एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, मी माझ्या वडिलांची बस नाहीशी केली.

खरी बस नव्हे. खऱ्या बसवर अण्णांनी ड्रायव्हर म्हणून अख्खी नोकरी काढली. हेदवीच्या रस्त्यावरची वळणं ते अजूनही झोपेत घेतात! पण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अण्णा कॉटवर बसले ते बसलेच. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "आजोबा, पाय वाकवा." आजोबा भिंतीकडे बघायचे. शेवटी माझ्या लेकीने, सायलीने, घरातल्या गेम कन्सोलला स्टिअरिंग आणि पेडलं जोडली, बस चालवायचा एक गेम टाकला आणि अण्णांना समोर बसवलं. अण्णांनी डाव्या पायाने क्लच दाबला आणि गरजले, "चला, आत सरका!" त्या दिवसापासून गुडघा रोज वाकू लागला.

कन्सोल घेतानाच सायली म्हणाली होती, "बाबा, आतली जागा पुरायची नाही. जास्तीची मेमरी घेऊया."

मी दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आपण काय अख्खं भाट्ये गाव भरणार आहोत त्यात? आहे ती जागा भरपूर आहे!" (कन्सोलबद्दल मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की तो पांढरा असतो.)

तर त्या रविवारी ऑफिसातले जाधव माझ्याशी क्रिकेटचा गेम खेळायला येणार होते. मी आठवडाभर त्यांना "धुऊन काढतो" म्हणून सांगत होतो. सकाळी गेम उघडला, तर तो नवा अपडेट मागू लागला आणि स्क्रीनवर आलं, जागा शिल्लक नाही! सायली पुण्याला हॉस्टेलवर. म्हटलं, विचारायचं काय त्यात? एक लांबलचक इंग्रजी नावाचा गेम दिसला. घरात हे नाव कधी कोणी उच्चारलेलं नव्हतं. दिला उडवून!

आता आमच्या घरात त्या गेमला सगळे 'अण्णांची गाडी' म्हणतात, याला मी काय करणार?

अण्णा आंघोळ करून, भांग पाडून ड्युटीवर आले.

"महेश, गाडी कुठे रे गेली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वर्कशॉपला गेलीय, अण्णा."

"वर्कशॉपला? काल तर झक्कास होती! काय झालं?"

"क्लच गेला."

हे बोलायला नको होतं! अण्णा काठी टेकून ताडकन उभे राहिले. "माझ्या हातच्या गाडीचा क्लच? अरे मेल्या, उभ्या नोकरीत मी कधी क्लच जाळला नाय! कोण म्हणतो तो? लाव फोन सायलीला!"

फोन माझ्या बायकोने, मेधाने लावला. तोही स्पीकरवर, आणि गाडी स्क्रीनवरून गायब झाल्याचं सांगून टाकलं.

"बाबा!" पुण्याहून किंकाळी आली. "तुम्ही आजोबांची गाडी डिलीट केलीत?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच हळूच म्हणाले, "मग आता पाय कशावर ठेवू मी?"

माझा चहा तिथेच गार झाला.

"पुन्हा डाउनलोड करा," सायली म्हणाली. "आजोबांचं आतापर्यंतचं ड्रायव्हिंग बहुतेक वेगळं सेव्ह असेल. पण ते उघडल्यावरच कळेल."

मी डाउनलोड लावलं. जागा शिल्लक नाही! गाडीची जागा क्रिकेटच्या अपडेटने खाल्ली होती. मी क्रिकेट उडवलं आणि त्याच क्षणी बेल वाजली. दारात जाधव! मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून सुरमई घेऊन आलेले.

"चला साहेब, धुऊन काढताय ना?"

"हो," मेधा माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी सुरमई धुतील."

डाउनलोडची रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. मध्येच वीज गेली. अण्णांना काही बसवेना. "गाडी लेट असली की मी कधी स्टँडवर बसून राहिलो नाय," म्हणत ते काठी घेऊन अंगणात गेले. मग फाटकाबाहेर. मग जाधवांचा हात धरून पार नाक्यापर्यंत! ऑपरेशननंतर अण्णांनी रस्ता पाहिला तो तेव्हा. मी सुरमईची खवलं काढता काढता खिडकीतून बघत होतो. मेधाने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "शेपटी नीट कापा."

संध्याकाळी गाडी लागली. अण्णांनी क्लच दाबला आणि सगळे श्वास रोखून उभे राहिलो. सगळं जागच्या जागी होतं: त्यांचा मार्ग, त्यांचे थांबे, आरशाचा कोनसुद्धा! अण्णांनी हॉर्न असा दिला की शेजारचा कुत्रा भुंकत बाहेर आला.

पुढच्या सुट्टीत सायलीने जास्तीची मेमरी आणून बसवली. आता अण्णा सकाळी नाक्यापर्यंत फेरी मारतात आणि मग ड्युटीवर जातात. मीही क्रिकेट पुन्हा टाकलं, जाधवांना सन्मानाने बोलावलं आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो. जागा कमी पडली म्हणायचीसुद्धा आता सोय राहिली नाही!