वहिनीचे सोमवार

सकाळी दूध संस्थेच्या सेक्रेटरीचा फोन आला. "ताई, बीडच्या दवाखान्यात येऊन थांबा, आमी नेकनूरहून निघालोय." चपला घालता घालता मी विचारलं, "दादाला फार त्रास होतोय का?" तो म्हणाला, "दादा बरे हायेत, ताई... वहिनीला आणतोय." खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. महिना उलटला, पण त्या हायसं वाटण्याची लाज काही जात नाही.

आमच्या घरात आजारी माणूस एकच होता, माझा थोरला भाऊ. दादा संस्थेचा चेअरमन. ब्लडप्रेशर वाढलेलं, हृदयाला जपा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. दुष्काळात गुरं छावणीला गेली, संस्थेत येणारं दूध आटलं, आणि सभासदांची भांडणं दादाच्या ओसरीवर यायला लागली. आवाज चढला की वहिनी आतून येऊन भांडणाऱ्यालाच दटावायची. दादाचं लोणचं बंद, पापड बंद. प्रेशर वहिनीलाही होतं, जवळजवळ दादाइतकंच. पण ते सापडलं दादासोबत दवाखान्यात गेली म्हणून, आणि घरी येईपर्यंत सगळे विसरलेही. बाईमाणसाला कशाचा हार्ट अटॅक, असंच आम्ही धरून चाललो होतो. मीसुद्धा, जन्मभर शाळेत शिकवलेली.

दादाच्या प्रकृतीसाठी वहिनीने सोमवार धरले होते. कडक, दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी. मी थट्टा करायचे, "पोट सुटलंय दादाचं आणि उपास वहिनीला!" ती हसायची. "त्यान्ला भूक निघत न्हाई, वन्सं. मला काय हुतंय?" दुष्काळ लांबला तसा तिने गुरुवारही धरला. दोन म्हशींसाठी ती दिवसभर छावणीत असायची. शेवटी शेवटी चार पावलं चालली की दम लागून टेकायची. जबडा दुखतो म्हणून दाढेखाली लवंग धरायची. मळमळतंय म्हणाली, तर पित्त असेल म्हणून मी पुडी दिली... माझ्या हाताने दिली.

दवाखान्याकडे निघालेली जीप पालीच्या पुढे आली आणि वहिनी वाटेतच गेली. तो सोमवारच होता.

तेरावा झाल्यावर दादाची औषधं बघायला मी गोळ्यांचा डबा उघडला. वहिनीच्या गोळ्या बऱ्याच शिल्लक होत्या. "वहिनी घेत नव्हती का रे?" मी विचारलं. "घ्यायची की. उपासाच्या दिवशी तेवढी न्हाई," दादा म्हणाला. "तूच सांगितलं हुतंस ना, रिकाम्या पोटी घेऊ नको म्हणून?"

सांगितलं होतं. पहिल्यांदा गोळ्या आणून दिल्या तेव्हा मीच बजावलं होतं, सकाळी भाकर खाल्ल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. तिने माझा शब्द पाळला. भाकर नाही त्या दिवशी गोळीही नाही. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. नुसतं त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले. तो त्यांचा चांगुलपणा. पण उपासाला काय करायचं हे तिने मला विचारलं नाही आणि मला सुचलं नाही, एवढं खरं. तिचे सोमवार तर मला पाठ होते.

परवा नेकनूरला गेले तर दादा ओसरीवर बसलेला, गोळी पुढ्यात तशीच. "आज सोमवार हाय," तो म्हणाला. "तिचे उपास मी धरलेत." जन्मात एक एकादशी न केलेला माणूस! मी संतापले. वहिनीवर ओरडायचं राहिलेलं सगळं त्याच्यावर ओरडले, आणि मग रडू फुटलं म्हणून आत जाऊन भाकरी थापायला घेतली. ताट पुढे ठेवलं.

"मोडला म्हणल ती," दादा पुटपुटला.

"म्हणू दे. माझं नाव सांग."

तो खाली मान घालून जेवला. गोळी घेतली, पाणी प्यायला, आणि रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं.

"गुरुवारीबी ये," म्हणाला.