दगडांमधल्या फटी

मैत्रिणींनो, वाचनालयाच्या या फलकावर आज पुस्तकाविषयी लिहिणार होते, पण मन लागत नाही.

कल्याणच्या आमच्या भाताच्या वखारीपुढे गाड्या भरतात. तिथे आमच्या यांनी खाली खडी घालून वर दगड बसवले होते. मध्ये बोटभर फटी ठेवल्या, म्हणजे पाणी मुरतं आणि चाकं रुतत नाहीत. परवा यांचं वर्षश्राद्ध झालं. चार माणसं येणार म्हणून मी ती जागा शेणामातीने सारवून घेतली. सगळ्या फटी बुजल्या.

आज सकाळच्या पावसात तिथे तळं साचलं आणि आमचे जुने हमाल बारकूदादा पोत्यासकट घसरले. गुडघा सुजलाय.

"वहिनी, हे काय तुळशीपुढचं अंगण आहे होय?" ते कण्हत हसले. "मालकांनी मला एक फट बुजवू दिली नव्हती."

लॉरीवाला म्हणाला, सिमेंट ओता. मी नको म्हटलं.

दुपारभर सळईने फटी उकरत बसले. निम्म्या मोकळ्या झाल्या, तेवढ्यातून पाणी हळूहळू खाली गेलं. यांच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मी यांचंच काम बुजवलं होतं.

तुमच्या हातून असं कधी झालंय का?