आबांचा आवाज कॉर्निशवर

सौदीतलं फौजी कुटुंब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते मी सांगतो. भरदार मिशीचा नवरा, कडक इस्त्रीचा गणवेश, मागं वाळू, वाळूत उंट आणि दारात वाट बघणारी बायको. बरोबर ना? आता हे सगळं पुसा. आमच्या घरातला फौजी म्हणजे माझी बायको. भारतीय सैन्यात नर्स होती, कॅप्टन होऊन बाहेर पडली आणि आता जेद्दातल्या एका लष्करी हॉस्पिटलात आहे. दारात वाट बघणारा मी. डोळे कधी ओले दिसलेच तर कांदा चिरत होतो असं समजा. मिशी आहे, पण ती सासऱ्यांची, आणि ती साताऱ्याकडं गावी आहे. उंट एकदाच बघितला. टेम्पोत बसून चालला होता, आणि त्यानं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं.

माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, मी 'तिच्यासोबत आलेला' आहे. हे कळल्यापासून शाळेतली दोस्तमंडळी मला ग्रुपवर 'मिसेस कॅप्टन' म्हणतात. म्हणू देत. ती ड्युटीवर, मी घरी, असा आमचा हिशोब ठरलाय आणि तो मला मनापासून पटलाय.

मला येतं एकच. दुसऱ्याचा आवाज काढणं. तालुक्याच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात 'शाळा सुटली' म्हणून मी अख्खा वर्ग घरी पाठवला होता. इथं आमची सकाळ एसटी स्टँडच्या पुकाऱ्यावर चालते. "प्रवाशांनी लक्ष द्या, जेद्दा आगाराची, बाथरूम ते इंडियन स्कूल विनाथांबा गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!" थोरला दुसरीत आहे, त्याला आता माझी लाज वाटते. "बाबा, स्टॉप इट. बस सच में आ गयी." धाकटी चार वर्षांची आहे, ती मात्र बूट हातात घेऊन तिकीट मागायला येते. खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला मलबारी मालकसुद्धा माझ्याकडून स्वतःची नक्कल करून घेतो आणि वर पोरांना एकेक चॉकलेट देतो. परक्या देशात कमाईचा असाही एक मार्ग असतो.

पण या सगळ्या आवाजांत एक आवाज वेगळा. सासऱ्यांचा. घरात सगळेच त्यांना आबा म्हणतात. सुभेदार म्हणून रिटायर झाले, तरी गावात कुणी मोठ्यानं शिंकलं तर अजून मान वळवून 'कोण तो' बघतात. बायको आधी इकडं आली, आमचे व्हिसे यायला वेळ लागला, तेवढे महिने पोरं आणि मी आबांच्याकडं राहिलो. रोज संध्याकाळी अंगणात ते दोन्ही नातवंडांची परेड घ्यायचे. नियम एकच. आबा 'सावधान' म्हणाले की दगड व्हायचं. टाचा जुळलेल्या, हात मांडीला, नजर समोर. बोलायचं नाही, हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी तिला बसू द्यायचं. आबा 'विश्राम' म्हणाले की मगच सुटका. थोरला चुळबुळायचा. धाकटी मात्र अशी उभी राहायची की आबांच्या मिशा थरथरायच्या. "ही फौजेत जाणार बघा, पाव्हणं," मला म्हणायचे. मी पाव्हणा, कारण मी जावई. मला परेडीत घेतलं नव्हतं. का ते पुढं कळेल.

जेद्दात आल्यावर पोरगी भेंडीला हात लावेना. एक दिवस मी सहज आबांचा आवाज काढला. "भेंडी... उठाव!" तिनं भेंडी उचलली. "भेंडी... चबाव!" ताट साफ. मला वाटलं, खजिनाच सापडला. पुढचे काही दिवस दूध, दात घासणं, खेळणी आवरणं, सगळं आबांच्या हुकमानं. मग एकदा बायको ड्युटीवरून लवकर आली आणि तिनं दारातूनच हे ऐकलं. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"अरे, माझ्या बापाचा आवाज भेंडीसाठी आहे का?"

"खातेय ना पण."

"हुकूम गंमत म्हणून नाही द्यायचा. तुझ्या एसटीसारखा रोज वाजवलास तर उद्या खरंच लागेल तेव्हा ती हसेल. आजपासून बंद."

एकदा बंद म्हणजे बंद. कॅप्टन आहे ती. भेंडी पुन्हा ताटात राहायला लागली आणि आबा त्यांच्या मिशीसकट साताऱ्याला परत गेले.

तर त्या शुक्रवारची गोष्ट. बायकोची ड्युटी होती. मी दोघांना घेऊन कॉर्निशवर गेलो, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं जेद्दा तिथं असतं. सतरंज्या, चहाचे थर्मास, पतंग, भाड्यानं मिळणाऱ्या पोरांच्या बॅटरीच्या गाड्या. शेजारच्या सतरंजीवर म्हसळ्याकडच्या एक चाची होत्या. आम्हाला मराठी बोलताना ऐकून त्यांनी लगेच डबा उघडला आणि पोरांच्या हातात एकेक सांजोरी दिली. कुणाचे तुम्ही, कुठले तुम्ही, सगळं विचारून झालं. मग मी कणसं घ्यायला उठलो. कणीसवाल्याला त्याच्याच आवाजात 'ज्यादा मसाला' म्हणून दाखवलं, तो हसला, मी हसलो, मागं वळलो, तर थोरला एकटाच.

"ती कुठंय?"

"शी वॉज हिअर ओन्ली, बाबा."

एका बाजूला समुद्र, त्याला लागून दगडं. दुसऱ्या बाजूला गाड्यांचा रस्ता. आणि मध्ये एवढी माणसं की चार वर्षांचं पोर म्हणजे कुणाच्या तरी गुडघ्यामागं सहज मावेल.

मी हाक मारली. पुन्हा मारली. आणि तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. माझ्या हाकेला ती येणार नव्हती. आमच्या घरी बाबा हाका मारत फिरतो म्हणजे लपाछपी सुरू. बाबा जितका घाबरा तितकी मजा, कारण बाबा घाबऱ्याचीही नक्कल करतो. मी खरा घाबरलो होतो आणि माझ्या पोरीला तो खेळ वाटणार होता.

चाचींनी थोरल्याचा हात धरला. "याला माझ्याजवळ ठेव. तू पळ." त्यांचा नवरा दगडांकडं धावला. काळा पायघोळ अबाया घातलेल्या एका बाईनं काही न विचारता आपल्या मुलांना चार दिशांना पाठवलं. एक नेपाळी सिक्युरिटीवाला आला. "फ्रॉक का कलर बोलो, भाईसाब." पिवळा, मी म्हणालो, पिवळा. माझा आवाज फुटला होता. एवढे आवाज काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज दोन सतरंज्यांपलीकडं पोचत नव्हता.

मग मी कणसं खाली ठेवली, एका बाकावर चढलो, छाती भरून घेतली आणि बंदी घातलेला आवाज बाहेर काढला.

"परेएएएड... साव-धान!"

खरं सांगतो, एवढा चांगला मी कधीच काढला नव्हता. आबा स्वतः तिथं असते तर त्यांनीही टाचा जुळवल्या असत्या. नेपाळी सिक्युरिटीवाला तर जागच्या जागी ताठ झाला. तो आधी गुरखा पलटणीत होता हे मला नंतर कळलं. चहाच्या गाड्यापाशी एक पांढऱ्या दाढीचे पाकिस्तानी ड्रायव्हर चाचा उभे होते. त्यांच्याकडं हुकमाचे शब्द वेगळे असतात म्हणे, पण त्यांचाही कप हवेत थांबला. फुटबॉल थांबला. सगळी गर्दी वळून माझ्याकडं बघायला लागली.

एक पाठ तेवढी वळली नाही. छोटीशी, पिवळी. रस्त्याच्या कडेला, फूटपाथच्या अगदी काठावर, एका बॅटरीच्या गाडीच्या मागं मागं ती तिथवर गेली होती. टाचा जुळलेल्या, हात मांडीला, नजर समोर. समोरून गाड्या जात होत्या आणि माझी पोरगी दगड झाली होती.

मी कसा पोचलो मला आठवत नाही. उचललं, छातीशी धरलं. नेपाळी भाऊनं मला सॅल्यूट ठोकला, मी त्याला मिठी मारली. पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "कौन सी यूनिट, बेटा?" मी म्हणालो, "ससुराल." चाची रडत होत्या, ती अबायावाली बाई रडत होती, मी तर रडतच होतो. कणीसवाल्यानं नवी कणसं दिली आणि पैसे काढले तर "खलास, खलास", म्हणजे राहू दे, म्हणून हात हलवला. त्यांतल्या कुणाचंच नाव मला माहीत नाही. त्या घोळक्यात प्रत्येकाची भाषा निराळी होती आणि प्रत्येकजण माझ्याच पोरीला शोधत होता. इथं येताना नातेवाईक म्हणाले होते, तिकडं आपलं कोण आहे? आता कुणी असं विचारलं की मला तो घोळकाच डोळ्यांपुढं येतो.

गाडीत बसलो आणि पुढची धास्ती सुरू झाली. पोरगी बोलेना. खांद्यावर होती तेव्हाच फळीसारखी ताठ लागली होती, मला वाटलं घाबरलीय. सीटवरही तशीच. कणीस पुढं केलं, घेतलं नाही. मी एसटीचा पुकारा केला. गाढव काढलं. बकालेवाला मलबारी काढला. काही नाही.

"बाबा," थोरला हळूच म्हणाला, "शी इज नॉट ईव्हन लुकिंग."

हिची वाचा गेली की काय? रस्ताभर मी एकच म्हणत होतो, देवा, हिला बोलू दे, मी आयुष्यात परत नक्कल करणार नाही. म्हणजे तसं म्हणतानाही आवाज थोडा आमच्या गावच्या पुजाऱ्यांसारखाच येत होता, पण मनापासून म्हणत होतो.

घरी आल्यावर ती हॉलमध्ये चपलांच्या रॅकशेजारी उभी राहिली, तशीच. मी गुडघ्यावर बसून तिच्या हातापाया पडत होतो, तेवढ्यात बायको ड्युटीवरून आली. मी एका दमात सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. पोरीच्या टाचांकडं बघत होती.

"सावधान दिलंस?"

"हो ना, म्हणून तर सापडली."

"आणि विश्राम?"

विश्राम द्यायचा मी विसरलोच होतो.

बायको खाली वाकली आणि पोरीच्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "विश्राम."

पोरगी सैल पडली. मोठ्ठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आई, मला शू आलीये. केव्हाची!" आणि पळाली.

त्या दोन वाक्यांइतकं गोड मराठी मी अजून ऐकलेलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो. बायकोनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथं जरा वेळ राहिला, आणि मग त्याच हातानं टपली मारून तिनं सुरुवात केली. कणसापाशी नकला कशाला, पोरीचा हात का सोडला, एवढा वेळ पोर ताठ उभं आहे तर डोकं कुठं होतं. शेवटी म्हणाली, "आवाज काढलास ते बरं केलंस. पण थँक्यू मी उद्या म्हणेन. आज नाही."

पोरगी बाथरूममधून आली ती थेट दाराकडं. "आबा कुठं गेले? आबा आलेवते ना?"

आता आली का पंचाईत. आबांना व्हिडिओ कॉल लावावाच लागला. तिकडं रात्र, झोपेतून उठलेले, मिशी एका बाजूला चेपलेली. बायकोनं सगळं सांगितलं. आबांनी आधी नातीला समोर घेतलं.

"जागा सोडलीस?"

"नाय."

"बोललीस?"

"नाय."

"शाब्बास, माझी वाघीण." मिशी थरथरली. मग आवाज बदलला. "फोन पाव्हण्यांकडं द्या."

मी फोन घेतला.

"पाव्हणं, माझा आवाज काढला, काढा. पोरगी घावली, देवाची किरपा, तुमचीबी किरपा. पर हुकूम देऊन जवानाला तसाच उभा ठिवून तुम्ही कणसं खायला गेलाय? उभ्या नोकरीत मी कुणाला सावधानात सोडून जेवाय बसलो न्हाय! लेकराला शू लागली हुती, तरी तिनं जागा सोडली न्हाय. कुणाच्या शब्दावर? माझ्या. आन् मला हिकडं पत्त्या न्हाय! म्हनूनच तुमास्नी परेडीत घेतलं नव्हतं. तुमी नुसतं तोंड चालवताय. आता हुबं ऱ्हावा. फोन पोरीकडं द्या आन् माझ्याकडं तोंड करा. हां. साव-धान!"

मी उभा राहिलो. टाचा जुळवल्या.

"पोरी, ह्यास्नी विश्राम तू द्यायचास. तुझं जेवण झाल्यावर. सावकाश जेव."

तिनं ताट ओढलं. त्या दिवशी तिनं भेंडीसुद्धा मागून घेतली आणि एकेक तुकडा माझ्याकडं बघत चावायला लागली. थोरला टेबलाखाली लोळून हसत होता. बायको तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात गेली. मला नाकावर खाज सुटली.

"हलताय, पाव्हणं," फोनमधून आबा म्हणाले. "मला हितनं दिसतंय."